पेंटरभाऊंचं आभाळ

पेंटरभाऊ गेले त्या दिवशी त्यांच्या दुकानात एक पाटी अर्धी राहिली होती. आभाळ रंगवून झालं होतं, अक्षरं व्हायची होती.

"आधी आभाय, मंग बाकी," असं ते म्हणत. मूळचे धुळ्याचे, बोलणं अहिराणी. जळगावात आमच्या वाचनालयाच्या भिंतीला लागून त्यांचं दुकान होतं. हे आभाळ त्यांनी विलायती युद्धकथांच्या चित्रपुस्तकांवरून उचललेलं. मुंबईहून येणाऱ्या रद्दीत ती सापडत. मुखपृष्ठावर पेटलेला रणगाडा, सूर मारणारं विमान, ओरडत आपल्याच अंगावर धावून येणारा गोरा सैनिक आणि मागे नारिंगी-पिवळा धूर. भाऊ मुखपृष्ठ जपून ठेवत आणि आतल्या पानांना ब्रश पुसत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, गोष्ट तरी वाचू द्या." म्हणाले, "आत काळंपांढरं. रंग समदा वरच शे."

त्या काळी जळगावात राहिला असाल, तर ते आभाळ तुम्हीही पाहिलं असेल. पिठाची गिरणी, बँडपथक, केळीची वखार, सगळ्यांच्या नावामागे लढाई पेटलेली. दातांच्या एका डॉक्टरांनी विचारलं होतं, "भाऊ, पाटी बघून पेशंट आत येतील की पळतील?"

"येतीन ना. एवढी लढाई पाहीसन जो आत ईन, तो तुमले काय घाबरी?"

मग एकदा जवळच्या असोदा गावचे आबा आले. त्यांचा मुलगा फौजेत होता, सीमेवर कामी आला. गावच्या चौकात लावायला त्याचं चित्र हवं होतं. घरात फोटो एकच, शाळेतल्या सगळ्या वर्गाचा, त्यात चेहरा नखाएवढा. भाऊंनी नेहमीप्रमाणे एका मुखपृष्ठावर चौकटी आखल्या आणि त्यावरचा सैनिक पत्र्यावर मोठा करून उतरवला. रंग सावळा केला, मिशी दिली. तोंड तसंच राहिलं, उघडं, दात दिसणारं.

आबांनी पाटी निरखून पाहिली. "माझा पोऱ्या असा वरडे नही कधी," ते म्हणाले. "घरात हाये का नही, ते बी कये नही."

भाऊंनी टर्पेंटाइनच्या चिंधीनं चित्रातलं तोंड पुसून टाकलं. खोक्यातली सगळी मुखपृष्ठं जमिनीवर मांडली. मीही वाकून शोधू लागलो. तोंड मिटलेला सैनिक एकाही चित्रात नव्हता.

"मी नक्कल करस, आबा," भाऊ हळू म्हणाले. "मनमधलं मन्हा हातले जमत नही."

आबा दाराशीच बसले. भाऊ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तसंच बसा. उजेडकडे तोंड करा."

आबांच्या तोंडाकडे बघत भाऊंनी ब्रश उचलला. हळूहळू बापाचे ओठ मुलाच्या चेहऱ्यावर आले. काम झालं तरी आबा उठले नाहीत. रंग वाळेपर्यंत पाटीसमोर बसून होते. निघताना एवढंच म्हणाले, "हा माझा."

भाऊ पुन्हा मुखपृष्ठांकडेच वळले. पुन्हा समोर माणूस बसवून का काढत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ते एकदाच व्हतं."

आता त्यांच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन आहे. असोद्याच्या चौकात आबांच्या मुलाची पाटी अजून आहे. उन्हानं तिच्यावरचं आभाळ उडालं, तिथे पत्रा दिसतो. चेहरा आहे. तोंड मिटलेलं आहे.