शेवटच्या पानातलं गिफ्ट कार्ड

वाचनालयात नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं, दिवसभर बसून वाचायला मिळत असेल. नारायण पेठेतल्या आमच्या वाचनालयात बावीस वर्षं काउंटरवर बसतेय, कामावर सलग चार पानंही वाचलेली नाहीत. त्याची भरपाई सभासद करतात. पुस्तक परत देताना ते आत काय काय विसरून जातात, आणि त्या प्रत्येक वस्तूमागे एक किस्सा तयार होतो. पुस्तकांना परतीची तारीख असते, किश्शांना नसते. ते साठतच जातात.

*

आमच्या ग्रंथपाल जोगळेकर बाईंनी सापडलेल्या वस्तूंचं एक रजिस्टरच ठेवलंय. वस्तू, पुस्तक, पान. मालकाने तिन्ही बरोबर सांगितलं तरच वस्तू मिळते. घराची किल्ली विसरलेल्या एका गृहस्थांना पान सांगता येईना, तर बाईंनी त्यांना अर्धा तास पुस्तक चाळायला बसवलं होतं!

एकदा एका रहस्यकथेत कुणा मुलीची पत्रिका राहिली, फोटोसकट. आमच्या नजरेतून सुटली आणि पुस्तक तसंच पुढे गेलं. आठवड्याने ते नेणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, खून कोणी केला ते नंतर बघू, आधी ही मुलगी कुठली ते सांगा. त्यांचा मुलगा लग्नाचा होता. चार महिन्यांत बार उडाला. लग्नात जोगळेकर बाईंना स्टेजवर बोलावून साडी देण्यात आली. बाईंनी वधूवरांना आशीर्वाद दिला आणि वरमाईला आठवण करून दिली की पुस्तक अजून परत आलेलं नाही.

*

आता गिफ्ट कार्डाचं सांगते.

गच्चीवरच्या बागेचं एक पुस्तक परत आलं होतं. आमचा संतोष ते कपाटात लावत असताना त्याच्या शेवटच्या पानातून पाकीट पडलं. संतोष मूळचा यवतमाळचा, राहतो विश्रांतवाडीला. पाकिटात एका पुस्तकाच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड, चांगल्या घसघशीत रकमेचं. सोबत चिठ्ठी, 'तुला हवं ते घे.' ना देणाऱ्याचं नाव, ना घेणाऱ्याचं. मुदत महिनाअखेरपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन आठवडे.

"मॅडम, चिठ्ठीत लिहूनच हाय, हवं ते घे म्हणून," संतोष म्हणाला. "घेऊन टाकू ना."

बाईंनी चष्मा खाली केला. "सापडलेली वस्तू वेगळी आणि आपली वस्तू वेगळी. रजिस्टर आण."

पुस्तक शेवटचं नेलं होतं केळकर काकूंनी. मी फोन केला. काकू शांतपणे म्हणाल्या की कार्ड त्यांचं नाही आणि त्यांच्या घरी एकमेकांना भेटी द्यायची पद्धतही नाही. फोन ठेवला.

*

मग बाईंनी दुकानात फोन लावला. कार्ड कुणी विकत घेतलं ते कळेल का? तिथला सेल्समन म्हणाला की नाव आम्ही लिहून घेत नाही, ज्याच्या हातात कार्ड त्याचं, तुम्ही बिनधास्त वापरा. झालं! प्रामाणिकपणा म्हणजे काय, यावर बाईंनी त्याला दहा मिनिटं ऐकवलं. तो बिचारा शेवटी रडकुंडीला आला. मॅडम, मी नक्की काय करू, असं विचारायला लागला. बाई म्हणाल्या, "काही नको. फक्त पुन्हा कुणाला असा सल्ला देऊ नका."

*

दुसऱ्या दिवशी दारात पाटी लागली. 'एका पुस्तकात एक वस्तू सापडली आहे. वस्तू, पुस्तक व पान सांगून घेऊन जावी. अंदाज करू नयेत.'

अंदाज करायला झुंबड उडाली. कुणी बसचा पास म्हणालं, कुणी लाँड्रीची पावती. एक निवृत्त साहेब रोज येऊन एक नवी वस्तू सांगायचे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एकजण म्हणाला, "मॅडम, चार ऑप्शन तरी द्या."

"देते," बाई म्हणाल्या. "निगेटिव्ह मार्किंग आहे."

तो परत अभ्यासाला बसला.

*

मुदतीला आठवडा उरला असताना केळकर काका आले. काकूंचे यजमान, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. काउंटरवरची गर्दी पांगेपर्यंत ते पाटीसमोर उभे राहिले. मग जवळ येऊन त्यांनी सांगितलं: गिफ्ट कार्ड, गच्चीवरची बाग, शेवटचं पान.

बाईंनी रजिस्टर पाहिलं. तिन्ही बरोबर!

शेवटच्याच पानात का, तर काकू कुठलंही पुस्तक शेवटाकडून वाचायला घेतात. मी विचारलं, अहो काका, मग हातात का नाही दिलंत? तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. काकांनी घर आवरायच्या भरात काकूंचे तीस वर्षांचे दिवाळी अंक रद्दीत घातले होते. त्यातल्या एका अंकात काकूंची कथा होती. आयुष्यात छापून आलेली एकच. काका रद्दीवाल्याकडे धावले, पण माल पुढे गेला होता. तेव्हापासून काकू त्यांच्याशी बोलत नव्हत्या. ताट वाढायच्या, औषध काढून ठेवायच्या, पण शब्द नाही.

"सॉरी म्हणून टाकायचं ना, काका," मी म्हटलं.

"बेचाळीस वर्षांत कधी म्हटलं नाही," काका म्हणाले. "आता कुठून सुरुवात करू?"

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. घरात बोलायला माणूस असून नसल्यासारखं, या वयात!

काकांचं म्हणणं एवढंच होतं, की कार्ड परत त्याच पानात ठेवा आणि पुस्तक पुन्हा हिला द्या. तिला दिसलंच नसणार. बाई नियमाच्या किती पक्क्या, पण त्या दिवशी त्यांनी कार्ड स्वतः आत ठेवलं आणि काकू आल्यावर ते पुस्तक पुढे केलं. काकूंनी मुखपृष्ठाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मुकाट्याने नेलं.

दोन दिवसांनी पुस्तक परत आलं. कार्ड आत होतं. या वेळी पहिल्या पानात.

"म्हंजे त्यायनं पयल्यांदाच पाह्यलं होतं," संतोष म्हणाला.

*

महिन्याचा शेवटचा दिवस. सकाळी अकराला काकू पुस्तक बदलायला आल्या. वाचनकक्ष भरलेला. बाईंनी कार्ड काढून काउंटरवर ठेवलं आणि सांगितलं की मुदत आज संपतेय.

"कार्डाची संपतेय," काकू म्हणाल्या. "ज्यांनी ठेवलं, त्यांना तोंड आहे."

त्यांना माहीत नव्हतं की काका आत पेपर वाचत बसलेत. काकांनी ऐकलं. पेपरची नीट घडी घातली, जागेवर ठेवला आणि काउंटरपाशी येऊन उभे राहिले. काकूंनी मान वळवली नाही. काका दोनदा खाकरले. संतोष कपाटाशी पुस्तकं हातात धरून तसाच थांबला होता.

जन्मभर मशीनजवळ उभ्या राहिलेल्या माणसाचा खणखणीत आवाज तो.

"चुकलं माझं," काका म्हणाले. "तुझी गोष्ट मी घालवली. वाचलीसुद्धा नव्हती कधी. चुकलं."

वाचनकक्षातल्या सगळ्या माना वर झाल्या. अभ्यास करणाऱ्या पोरांनी पेनं खाली ठेवली. जोगळेकर बाई रजिस्टरमध्ये उगाचच काहीतरी शोधायला लागल्या.

काकूंनी कार्ड उचललं. पर्स उघडली, आत ठेवलं, चेन लावली. मग पहिल्यांदा नवऱ्याकडे वळल्या.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "वाचनालय आहे हे."