एकाच खेड्यातले दोन पाहुणे

२००४ ची दिवाळी, साउथहॅम्प्टन. जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून तीन पौंडांना आणलेला, ऑस्ट्रियन बादशाहीतल्या, आज पोलंड आणि युक्रेनमध्ये वाटल्या गेलेल्या गॅलिसिया प्रांताचा नकाशा. हजर आम्ही नवरा-बायको, शेजारच्या पोलिश आजी आणि समोरचे युक्रेनियन आजोबा. चकलीची भाजणी भाजताना अजून तीच संध्याकाळ आठवते. फराळ करताना दोघांची बोटं नकाशातल्या एकाच खेड्यावर टेकली. "अरे वा, गाववाले!" म्हणत मी त्यांना आपल्या रीतीने शेजारी-शेजारी बसवलं. आजी ताडकन उठल्या. "महायुद्धात यांच्या माणसांनी आमचं घर जाळलं." आजोबा हळू म्हणाले, "त्याआधी तुमच्यांनी आमचं. बादशहाच्या काळी दोन्ही घरांची विहीर एकच होती." बायकोने टॅक्सी बोलावली, कारण आजींना तडक लेकीकडे जायचं होतं. भाड्याचे सात पौंड आजोबांनी खिडकीतून ड्रायव्हरला दिले.