वारा म्हणालो होतो

"आता ह्येबी रिले नव्हं, असं बोलू नको अरविंदा."

"रिलेच आहे. पण एकशेदहा व्होल्टचा आहे. मला चोवीसचा पाहिजे."

"रिले तो रिले. म्हशीला कोण इचारतं का, तू किती व्होल्टची?"

"म्हैस वायरीला जोडत नाहीत, मोरूभाऊ."

महाडच्या बाजारपेठेतलं अरविंदचं दुकान एवढं अरुंद, की भांडायचं तर दोघांना गुडघ्याला गुडघा लावूनच भांडावं लागे. एकीकडे अरविंद, वय सत्तर, कपाळावर भिंग चढवलेलं. दुसरीकडे कुडपणचा मोरू, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, मांडीवर छत्री आडवी. मधल्या टेबलावर मोरूने आणलेली काळी डबी. काडेपेटीएवढी, खाली पितळेचे पाय.

मोरूचं खरं तर कौतुक करायला हवं होतं. दीड वर्षापूर्वी अरविंदने त्याला सांगितलं होतं, टेपचे दोन रिले गेलेत, ते मिळेपर्यंत काही होणार नाही. त्या यंत्राला सगळे रिळांचा टेपच म्हणत. त्यामुळे मोरूला 'रिळं' ऐकू आलं, यात त्याचा तरी काय दोष? पुढच्या बाजाराला तो शिलाईच्या दुकानातून दोऱ्याची सहा रिळं घेऊन आला, वर विचारलं, पांढरी चालतील ना. अरविंदच्या बायकोने, मंजुळावहिनींनी, ती ठेवून घेतली आणि त्यांत दोन गोधड्या शिवून काढल्या. तेव्हापासून मोरूचा शब्दांवरचा विश्वास उडाला. मागच्या खेपेला त्याने टेबलावरचा जळका रिलेच गुपचूप खिशात टाकला, एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे गेला आणि म्हणाला, असा दे. भंगारवाल्याने कुठल्यातरी कंपनीच्या मोडक्या पॅनेलमधून तस्सा उपटून दिला. दिसायला जुळा भाऊ. फक्त व्होल्ट वेगळे.

अरविंदने डबी उलटी ठेवली. हा बसवला तर टेप चालू करणारा आतला विजेचा खटका ओढलाच जाणार नाही, हे त्याने समजावून सांगितलं, आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला.

कारण त्या टेपवर काय आहे ते एकट्या अरविंदला ठाऊक होतं.

टेप जपानी होता. गोदीत कामाला असलेल्या मामाने एकोणऐंशी साली मुंबईहून पाठवलेला. महाड-पोलादपुरात तेव्हा अरविंद म्हणजे माईकवाला. जयंतीची मिरवणूक असो, लग्न असो, शाळेचं गॅदरिंग असो, कर्णा त्याचाच. टेप आल्यावर त्याची ऐट अशी वाढली, की लोक म्हणत, नवरदेव कोण आणि माईकवाला कोण, वरात बघून सांगता येत नाही. त्याच साली गणपतीत पोलादपूरला शक्ती-तुऱ्याचा सामना ठरला. शक्तीवाला मोरू आणि तुरेवाला वरंधचा पांडू. एकाने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच सोडवायचा. नाही सुटला तर हार मानून खाली उतरायचं. मोरू महिनाभर पोथ्या घोकत होता. कोणत्या राजाला किती राण्या, कोणत्या राणीला कोणता शाप, सगळं जिभेवर. आणि पांडूने सवाल टाकला तो असा:

पाय नाही तरी घाट चढतो, तोंड नाही तरी बोलतो,
दार लावले तरी घरात येतो, सांग शाहिरा, कोण तो?

मोरू पुराणात शोधत राहिला. उत्तर मांडवाची झालर हलवत होतं.

त्यानंतर शेहेचाळीस वर्षं मोरू एकच सांगत आला: मी 'वारा' म्हणालो होतो, घुंगरांच्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाही. आणि पांडू शेहेचाळीस वर्षं सांगत आला की हा बिनउत्तराचा उठून गेला. एसटी स्टँडवर भेटले तरी तेच. पांडूच्या नातवाच्या लग्नात पंगतीला शेजारी बसले, तिथेही तेच. शेवटी वाढप्याने मधे पडून दोघांना जिलबी वाढली. "अरविंदाच्या टेपवर हाय सगळा," हे मोरूचं शेवटचं वाक्य ठरलेलं.

मग एकवीसचा पूर आला. सावित्रीचं पाणी दुकानात वरच्या फळीपर्यंत चढलं. टेप वाचला, रिले जळाले. सामन्याचं रीळ तेवढं घरी बिस्किटाच्या डब्यात होतं म्हणून राहिलं. तोवर 'आज नको, पुढच्या खेपेला' म्हणत टाळणाऱ्या अरविंदकडे त्या दिवसापासून एक चांगलं कारण झालं. खरंच, रिले मिळत नव्हते.

गेल्या शिमग्यात पांडू वारला. तेव्हापासून मोरूने दर आठवड्याला कुडपणहून खाली उतरायला सुरुवात केली. पोलादपूरला गाडी बदलायची, गुडघे धरायचे, कधी लाल माठाची जुडी आणायची, कधी नाचणी. पांडू असताना सवडीने चालत होतं, आता मोरूला घाई झाली होती. अरविंदला ते आवडलं नव्हतं. मेलेल्या माणसावर कसली सरशी करायची?

आज मंजुळावहिनी डबा घेऊन दुकानात आल्या, तेव्हा व्होल्टचा वाद दुसऱ्यांदा सुरू होता. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, काळ्या डबीकडे पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "हा चालत नसेल तर खणातले लावा की."

अरविंदने भिंग कपाळावरून काढून पुसायला घेतलं.

"कुठल्या खणातले?" मोरू म्हणाला.

वहिनींच्या लक्षात आलं. जेवून घ्या, निवेल, असं काहीतरी पुटपुटत त्या बाहेर पडल्या.

अरविंदने खण उघडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन रिले, कोरे, चोवीस व्होल्टचे. मुंबईला स्वतः जाऊन, चार दुकानं पालथी घालून आणलेले. कागदाच्या कोपऱ्यावर तारीख होती, ती मोरूने छत्रीच्या टोकाने दाखवली.

"दोन वरसं," तो म्हणाला. "आनि मी इथं दोरं आनतोय."

"त्यात 'वारा' नाहीये, मोरूभाऊ." अरविंद खाली बघत बोलला. "मी हेडफोन लावून बसलो होतो. सगळं ऐकलं होतं मी. म्हटलं, कशाला..."

मोरूने पुडी त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "लाव."

उरलेला जळका रिले काढायचा आणि दोन्ही खाचांत नवे दाबायचे, पाच मिनिटांचं काम. अरविंदने ते पंधरा मिनिटं केलं. रीळ चढवलं, पट्टी ओवली, बटण दाबलं. आत खट् झालं. चार वर्षांनी ऐकलेला तो खटका त्याला एवढा गोड लागला, की क्षणभर तो लाजला. दोन्ही रिळं फिरू लागली.

आधी खरखर. मग ढोलकी. मग पांडू. कोवळा, चढा, मस्तीत आलेला आवाज. *सांग शाहिरा, कोण तो?* लोकांचा हशा. ढोलकीने एक फेरा घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. कुणीच काही बोललं नाही. मग घुंगरांची एक जोडी हळूहळू लांब गेली. अरविंदला मान वर करवेना.

"मागं घे," मोरू म्हणाला.

"मोरूभाऊ, पुन्हा ऐकून ते बदलणार..."

"माझं नको रे. पांडूचं लाव."

अरविंदने रीळ मागे फिरवलं. पांडू पुन्हा गायला. मोरूने डोळे मिटले होते आणि छत्रीच्या मुठीवर त्याची बोटं ढोलकीच्या आधी अर्धी मात्रा पडत होती. 'घाट चढतो'ला पांडूने घेतलेल्या हरकतीवर त्याची मान डोलली. सवाल संपला तसा त्याने नुसता हात केला. अरविंदने तिसऱ्यांदा लावलं. चौथ्यांदा मोरूचे ओठही हलले, पांडूच्या शब्दांबरोबर.

मग कुठे अरविंदच्या डोक्यात प्रकाश पडला. शेहेचाळीस वर्षं ज्या भांडणात त्याने पंच व्हायचं टाळलं होतं, ते भांडण नव्हतंच कदाचित.

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?" त्याने विचारलं. "तू वारा म्हणाला नव्हतास, हे?"

मोरूने डोळे उघडले. आपला एकशेदहाचा रिले उचलून खिशात टाकला, छत्री काखेत घेतली, पायरीवर चपला सरकवल्या आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागला. आत ढोलकीचे तीन फेरे संपत आले होते.