गवारीतला धुरा मी फोडला
भंडाऱ्याजवळच्या आमच्या कारधा गावात धानाशिवाय दुसऱ्या पिकाला कुणी पीकच म्हणत नसे. गवार-भेंडी म्हणजे बायकांचा चाळा! मी कापसाच्या मुलखातून इथं सून म्हणून आले. माहेरी आम्ही दर उन्हाळ्यात गवार लावायचो. इथल्या बाजारात बाहेरून ट्रकमध्ये आलेल्या वातड, कोमेजल्या शेंगा लोक निमूटपणे घेताना पाहिल्या, की माझा नुसता जीव जळायचा.

नदीकाठी आमची एक गाळाची पट्टी होती. दर उन्हाळ्यात सासरे ती टरबूजवाल्याला देऊन मोकळे व्हायचे. सत्तर सालानंतरची गोष्ट, गावात पाणी उपसायची डिझेलची इंजिनं नुकती येऊ लागली होती. मी धीर करून म्हटलं, "मामाजी, यंदा ती पट्टी मले द्या. गवार लावाची हाय."

मामाजी पोट धरून हसले. "लाव बापा! पन या उन्हाळ्यापुरती. जमलं नाही तं पट्टी टरबूजवाल्याले, आन् तू धान रोवाले. मंग पुन्हा गवारीचं नाव नाही काढाचं."

घरातल्या सगळ्यांसमोर हे ठरलं, त्यामुळे मागं फिरायची सोय उरली नाही. मी ओळी धरून बी टोचलं. हंड्यानं बेताचं पाणी घालत गेले. रोपं टवटवीत वर आली, तेव्हा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून थांबवून दाखवायची. मिरवायचीच म्हणा ना! आणि तेवढ्यात माहेरी बहिणीचं लग्न निघालं.

परत आले ती सरळ पट्टीवरच गेले, आणि कपाळावर हातच मारून घेतला. माझ्यामागं सासऱ्यांनी आणि आमच्या ह्यांनी पट्टीच्या चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातले होते, धानाच्या वावराला घालतात तसे चांगले चोपून. शेजाऱ्याचं इंजिन आणून आत घोटाभर पाणी भरलं होतं. गवार पिवळी पडून पाण्यात उभी होती. दोघंही काठावर बसून कौतुकानं बघत होते. सुनेवर उपकार केल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

"हे काय करून ठेवलं?" मी ओरडलेच.

"पिकाले पानीच तं पाजलं, जहर थोडंच पाजलं?" मामाजी म्हणाले.

आता या माणसांना काय सांगावं! जन्मापासून ज्यांनी पाण्यात उभं राहणारंच पीक पाहिलं, त्यांना मुळं कुजतात हे कोण पटवणार? मी पदर खोचला, फावडं उचललं आणि उताराकडचा धुरा फोडला. धानाच्या गावात दुसऱ्यानं घातलेला धुरा फोडणं म्हणजे सरळ भांडण. त्यावरून भावाभावांच्या डोक्यात काठ्या पडलेल्या आहेत. इथं तर सुनेनं सासऱ्याचा धुरा फोडला, तोही त्यांच्या डोळ्यांदेखत! पाणी नदीकडे धावलं. ह्यांनी तोंड फिरवलं. मामाजी घरी निघून गेले आणि पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अर्धी गवार गेली. मी रडले, खोटं कशाला बोलू. पण उरलेल्या रोपांना मी पाणी तोडलं, माती मोकळी केली आणि तापू दिली. मग ती अशी काही फुलली म्हणता! बुडापासून शेंड्यापर्यंत शेंगांचे घोस. हातांना लव लागून खाज सुटायची, तरी मला तोडणी सोडवत नसे.

पहिल्या तोडणीच्या दिवशी ह्यांनी बैलबंडी जुंपली. मी ओलं फडकं टाकून टोपल्या झाकल्या. बघते तर मामाजी बंडीत पुढं येऊन बसलेले. पूल ओलांडून भंडाऱ्याच्या बाजारात पोचलो, तेव्हा भाजीचा हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू झाला होता. दलालानं आधी ट्रकमधली गवार पुकारली. मग माझ्या टोपलीवरचं फडकं काढून एक शेंग उचलली आणि मोडली. कट्कन आवाज झाला. दोर निघाला नाही. त्यानं दुसरी मोडली, तिसरी तर कच्चीच खाल्ली. मागचे व्यापारी पुढं सरकले. बोली चढायला लागली, एक थांबला की दुसरा तोंड उघडायचा. ट्रकवाल्या गवारीला नुकताच मिळालेला भाव मागं पडला तरी कुणी थांबेना. त्या गलक्यात शेवटची बोली मला ऐकूही आली नाही. ह्यांनी माझा दंड दाबला तेव्हा कळलं, दिवसाचा सगळ्यात चढा भाव आपला!

दलाल मामाजींना ओळखत होता. आमचं धान त्यांच्याच नावानं विकलं जायचं. त्यानं कौतुकानं विचारलं, "मालक, धान सोडून गवारीत कवा शिरले? आता पुढचा माल कवा आनता? पुढच्या उन्हाळ्यातही लावसान ना?"

मामाजींनी डोक्याचं पागोटं नीट केलं. माझ्याकडे पाहिलं नाही, पण बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मले काहून इचारून राहिला? पट्टी सुनेची हाय, माल सुनेचा हाय. तिलेच इचार."

सगळी पुरुषमंडळी माझ्याकडे वळली. सासऱ्यांसमोर परक्या माणसाशी मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"परवा आनते," मी खणखणीत सांगितलं. "आन् पुढच्या उन्हाळ्यात दुप्पट."