काकू पडून राहिली

गेल्या वर्षी बावीस ऑगस्टला सकाळी साडेअकराच्या सुमारास नागपुरातल्या एका ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात तीन लाख ब्याऐंशी हजार रुपयांचा चेक दिला. हजर चौघं होतो: मी, माझी बायको, तिचा धाकटा भाऊ आणि तो एजंट. चेकवर सही बायकोची होती, कारण पैसे तिचे होते. कोंढ्याला तळ्याखालचं तिच्या वडिलांचं शेत उन्हाळ्यात विकलं गेलं आणि भावांनी तिचा वाटा तिनं न मागता तिच्या खात्यात टाकला. त्यातून तिला समुद्र पाहायचा होता. किनाऱ्यावरून नाही, मधून. मुंबईहून निघून कोलंबो, फुकेत, पेनांग करत सिंगापूर, चौदा रात्री, आणि तिथून विमानानं परत.

एजंट म्हणाला की राहणं, जेवण, करमणूक, सगळं यात आलं. मी म्हटलं, "सगळं" हा शब्द पावतीवर लिहून द्या. तो हसला आणि त्यानं चहा मागवला. लिहिलं मात्र काही नाही. माझं लाखनीला हायवेवर खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि ट्रकमधून उतरणारं प्रत्येक पोतं मी गेली सव्वीस वर्षं स्वतः मोजतो. लिहून न देता चहा पाजणाऱ्या माणसाबद्दल माझं मत तिथेच ठरलं.

घरी आल्यावर बायकोनं एकच अट घातली. "चवदा दिवस माह्ये हायेत. तुमची डायरी घरी ठेवजा." मी हो म्हटलं, आणि हिशेबाची डायरी बॅगेत सर्वांत खाली, औषधांच्या पिशवीखाली ठेवली.

नोव्हेंबरच्या मध्यात मुंबईच्या बंदरात जहाजावर चढलो. चढतानाच जहाजवाल्यांनी दोघांचे पासपोर्ट ठेवून घेतले आणि बदल्यात हातभर लांब चिठ्ठी दिली, जिच्यावर ना सही ना शिक्का. परत कधी मिळतील विचारलं तर म्हणे सिंगापूर यायच्या आधी. मी शिक्का मागितला. मागच्या रांगेतून कुजबुज सुरू झाली आणि बायकोनं माझी बाही ओढली. मग दोघांना एकेक प्लास्टिकचं कार्ड मिळालं. खोली उघडायला तेच, जेवणाच्या दारावर तेच, काही विकत घ्यायलाही तेच. जहाजावर नोटा चालत नाहीत. पैसा जाताना दिसूच नये, अशी ती सोय मला वाटली.

आमची खोली आठव्या मजल्यावर होती. मी सोबतच्या टेपनं मोजली, अठरा फूट बाय नऊ. खिडकीतून समुद्र दिसेल असं एजंटनं सांगितलं होतं. खिडकी होती, पण बाहेर बरोबर समोर जीव वाचवायची पिवळी नाव टांगलेली. तिच्या वरून दोन वीत पाणी दिसत होतं. बायको पलंगावर उभी राहिली तेव्हा तिला तीन वीत दिसलं आणि ती खूश झाली.

त्या नावेवर दीडशे माणसं असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही बाजूंनी फिरून नावा मोजल्या. नऊ आणि नऊ, अठरा. म्हणजे सत्तावीसशे माणसं. जहाजावर किती आहेत हे आमच्या खोलीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, प्रवासी दोन हजारांच्या आसपास आणि काम करणारे नऊशे. मी म्हटलं, मग दोनशे माणसं कुठं जाणार? त्यानं डेकवरची पांढरी पिपं दाखवली. त्यांत फुगणारे तराफे असतात, एकावर पंचवीस जण. पिपं वीस निघाली. हिशेब जुळला, पण एकही पीप कुणी उघडून दाखवलं नाही.

हा खोलीवाला पस्तिशीचा, रत्नागिरीकडचा होता. खोली झाडणं, चादरी, टॉवेल, पाणी, सगळं तोच बघायचा. आमच्या बॅगेवरची मराठी अक्षरं वाचून त्यानं पहिल्याच क्षणी काका-काकू सुरू केलं. दुकानात जो पहिल्या भेटीत काका म्हणतो तो उधारीवर युरिया मागायला आलेला असतो, म्हणून मी सावध झालो. बायकोनं मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत त्याची सगळी माहिती काढली. नऊ महिन्यांचं काम सिंगापूरला संपत होतं. पुढचं बोलावणं कागद स्वच्छ असेल तरच येतं. एका प्रवाशानं लेखी तक्रार केली तरी बहुधा येत नाही. गावी घराच्या भिंती उभ्या झाल्यात आणि छप्पर पुढच्या नऊ महिन्यांवर अडलंय. बायकोला वाईट वाटलं. मला वाटलं, ही बक्षिसीची आधीच घातलेली पेरणी आहे.

तसं वाटायला कारणही होतं. पहिल्याच संध्याकाळी दाराखालून एक कागद आला होता: सेवेचे सोळा डॉलर, माणशी, रोज, कार्डावर आपोआप लागतील. चौदा गुणिले दोन गुणिले सोळा, चारशे अठ्ठेचाळीस डॉलर. एजंटच्या "सगळं" मध्ये हे नव्हतं. पाचव्या मजल्यावरच्या काउंटरवर अर्ज भरून ते काढता येतात असं कळलं. मी कोरा अर्ज आणून डायरीत ठेवला. बायको म्हणाली, "भराचा नाही." मी भरला नाही, पण फाडलाही नाही.

जहाजावर सवय व्हायला सगळ्यात जास्त वेळ गल्ल्यांनी घेतला. आठव्या मजल्यावर दोन लांब गल्ल्या, दोन्हीकडे एकसारखी पांढरी दारं, आणि जहाजाचं तोंड कोणत्या बाजूला हे आतून कळायचं नाही. दोनदा मी दुसऱ्याच्या दारात कार्ड घालून उभा राहिलो. आतून एक म्हातारी गोरी बाई बाहेर आली तेव्हा मी तिच्याकडे आणि तिनं माझ्याकडे सारख्याच संशयानं पाहिलं. मग बायकोनं बॅगेतून धानाच्या लोंब्यांची जुडी काढली. आमच्याकडे धान निघालं की चिमण्यांसाठी दारावर लोंब्या टांगतात. ही जुडी त्या विकलेल्या शेतातल्या शेवटच्या पिकाची होती. मी आधीच म्हटलं होतं की बंदरावर काढून घेतील. तपासणीच्या मशीनमधून ती आरामात गेली. दाराबाहेर नंबरखाली एक छोटा हूक होता, तिथं बायकोनं ती टांगली. त्यानंतर आम्ही खोली चुकलो नाही.

खोलीवाला म्हणाला, "काकू, वरचे साहेब बघतील तर ओरडतील. शेतीचा माल आहे."

बायको म्हणाली, "माल नाही, ते माह्यं माहेर हाये."

 तो जुडीकडे जरा जास्त वेळ पाहत राहिला, हेही मी लक्षात ठेवलं.

कोलंबो सोडल्यावर, पाचव्या दिवशी, समुद्र बिघडला. एरवी तळमजल्यावरच्या गिरणीसारखी हलकी थरथर असायची. त्या सकाळी पाण्याचा ग्लास टेबलावरून स्वतःच चालत गेला. बायकोला पहाटेपासून उलट्या. न्हाणीघरात जायला उठली आणि पडली. मी उचलून बसवली, ती पुन्हा उठली, पुन्हा पडली, या वेळी पलंगाच्या लोखंडी कडेवर. मी एका हातानं तिला धरलं आणि दुसऱ्या हातानं खोलीवाल्याला फोन लावला.

"काकू पडून राहिली," मी म्हटलं. "सकाळपासून पडून राहिली."

तो शांतपणे म्हणाला, "पडून राहू दे, काका. अशा हवेत तेच चांगलं. मी बाहेर पाटी लावतो, कुणी दार वाजवणार नाही."

फोन बंद झाला. मी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं वाट पाहिली, कुणी आलं नाही. शेवटी तिला खाली गादीवर निजवून मी दार उघडलं. हुकावर लाल पाटी लटकत होती, कुणी त्रास देऊ नये अशी. लोंब्यांची जुडी नव्हती.

माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत बसलं. काका-काकू, घराच्या भिंती, जुडीकडे पाहणं, आता हे. भिंती धरत पाचव्या मजल्यावर गेलो. काउंटरवाल्या बाईनं लगेच डॉक्टर पाठवले. त्यांनी बायकोला सुई दिली, हाड मोडलेलं नाही असं सांगितलं, आणि ती झोपली. मी परत खाली गेलो. सेवेचे पैसे काढायचा अर्ज भरला. मग तक्रारीचा कागद मागितला. त्यावर लिहिलं की माझी पत्नी वारंवार पडत असताना या कर्मचाऱ्यानं "पडू दे, तेच चांगलं" असं उत्तर दिलं, मदत येऊ नये म्हणून दारावर पाटी लावली आणि आमची वस्तू नेली. त्या बाईनं दोनदा वाचलं आणि हिंदीत विचारलं की तो खरंच असं म्हणाला का. मी म्हटलं, शब्दशः. त्या कागदाचा परिणाम काय होतो हे मला पक्कं माहीत होतं. तरी सही केली.

दुसऱ्या दिवशी समुद्र निवळला. बायको उठून बसली. खोली झाडायला दुसराच माणूस आला, मराठी न येणारा. बायकोनं विचारलं, तो कुठं गेला? मी म्हटलं, ड्यूटी बदलली असेल. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मला सगळं सांगावं लागलं.

"तुम्ही त्याले काय म्हटलं? जसंच्या तसं सांगा."

मी सांगितलं. त्याचं उत्तरही सांगितलं.  मग तिनं तिच्या वहिनीची आठवण काढली. वहिनी पुण्याकडची. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सासूनं हाक मारून सांगितलं होतं की दूध उतू जाऊन राहिलं, आणि तिनं विचारलं होतं, कुठं जाऊन राहिलं?

"तो झोपू द्या म्हणला जी," बायको म्हणाली. "तुम्ही आयकलं, पडू द्या."

आमच्याकडे "पडून राहिली" म्हणजे आत्ता, या क्षणी पडते आहे. रत्नागिरीकडे त्याचा अर्थ आडवी होऊन स्वस्थ आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पेपर मी रोज वाचतो. पण घाबरलो तेव्हा तोंड लाखनीचं होतं आणि कानही.

तरीही मी म्हटलं, मग जुडी कुठं गेली? बायकोनं नव्या माणसाला खुणांनी लोंब्या समजावल्या. त्यानं बाहेर जाऊन टॉवेलांच्या गाडीच्या खालच्या कप्प्यातून पातळ कागदात गुंडाळलेली जुडी आणून दिली. वर मराठीत चिठ्ठी होती: काकूंची आहे, फुकेतला तपासणी, तोवर बाहेर नको. मी लोंब्या मोजल्या. निघताना अकरा होत्या. अकराच भरल्या.

त्याच दुपारी आम्ही दोघं खोलीवाल्याच्या वरिष्ठाच्या खोलीत गेलो. तो हिंदी बोलणारा होता, मराठी त्याला येत नव्हती. तक्रार मागे घेता येत नाही म्हणाला. दुसरं निवेदन जोडता येतं, पण त्याला समजेल असं. त्यानं खोलीवाल्याला बोलावलं. तो आला आणि खाली गालिच्याकडे पाहत उभा राहिला.

वरिष्ठानं मला विचारलं, "वो गिर रही थीं या लेटी थीं?"

"गिर रही थीं."

"तो इसने गलत बोला."

मी समजावू लागलो आणि गुंता वाढतच गेला. शेवटी बायको उठली. ती तिथल्या सोफ्यावर धपकन पडली, उठली, पुन्हा पडली. म्हणाली, "ये हमारा पडून राहिली." मग सोफ्यावर पाय घेऊन, पदर नीट करून ती आडवी झाली. "और ये इसका." वरिष्ठ हसला नाही. त्यानं कागद पुढं सरकवला. मी सव्वा पान लिहिलं: वेळ, दोघांचे शब्द, दोन्ही अर्थ, अकरा लोंब्या, आणि चूक माझी. साक्षीदार म्हणून बायकोनं सही केली. काउंटरवर जाऊन सेवेचे पैसे पुन्हा लावायला सांगितले. काउंटरवाल्या बाईनं त्याचाही अर्ज भरून घेतला.

आठव्या दिवशी खोलीवाला परत आमच्या गल्लीत आला. बायकोला तो काकूच म्हणायचा. मला सर म्हणू लागला.  बाराव्या दिवशी त्यानं पुढच्या नऊ महिन्यांचं बोलावणं बायकोला दाखवलं. मी तिथेच उभा होतो, मला दाखवलं नाही. तारीख काय आहे हे मी तिच्या खांद्यावरून वाचून घेतलं.

शेवटच्या दिवशी सकाळी हिशेब आला. सेवेचे चारशे अठ्ठेचाळीस, डॉक्टरचे दोनशे दहा, चार लिंबू सोड्यांचे चौदा. एकूण सहाशे बहात्तर डॉलर. दोनदा तपासलं, चूक सापडली नाही. पासपोर्टही परत मिळाले, पानं मोजून घेतली. सेवेच्या पैशांतले खोलीवाल्याला किती पोचतात असं काउंटरवर विचारलं, तर बाई म्हणाली की वाटले जातात. कसे, ते तिनं लिहून दिलं नाही. सहाशे बहात्तर डॉलर कंपनीला कार्डानं दिले.

खोलीबाहेर बायकोनं स्वतःच्या पैशांतून एक पाकीट काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. मी त्याच्या सहीसाठी डायरी उघडली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी पेन खिशात घातलं. नोंद विमानात बसल्यावर केली: पाच हजार रुपये, रोख, खोलीवाल्याला, बायकोच्या हातून. पावती नाही.