घरी पोचलो

चंद्रपूरच्या बाजारात मुबीनचं नट-बोल्टचं दुकान आहे. दुकान कसलं, दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद बोळ. पण त्या बोळात चारशे डबे, आणि प्रत्येक डब्यावर मुबीनच्या हातची चिठ्ठी. गिऱ्हाईकाने माप सांगावं आणि मुबीनने न बघता हात घालावा. त्याच्या वडिलांच्या, बाबूभाईंच्या काळात हाच माल पोत्यांत असायचा, आणि बाबूभाई गिऱ्हाईकाशी गप्पा हाणत अर्धा अर्धा तास पोतं धुंडाळायचे. मुबीनला त्याचा लहानपणापासून वैताग. जिथली वस्तू तिथे नसली की त्याला घास गोड लागत नसे. बायको रुबीना चिडवायची, "एक दिवस मलेही चिठ्ठी लावून डब्यात ठेवसान."

अशा माणसाच्या हाती गुणवंतरावांनी ‘गरीवाले’ सोपवला, म्हणजे काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको होता.

‘गरीवाले’ हा इंटरनेटवरचा फोरम. गुणवंतराव ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, इरई धरणाच्या काठी गरी, म्हणजे गळ, टाकून बसणारे. पोटासाठी नव्हे, हौसेने मासे धरणाऱ्यांसाठी त्यांनी तो उघडला. आधी वीस जण होते, मग दोनशे झाले, नंतर अकराशे. कोणी मरळ माशाचा फोटो टाकी, कोणी कणकेच्या गोळ्यात काय मिसळायचं ते विचारी, कोणी जुनी रीळ विकायला काढी. सगळं एकाखाली एक, एकाच ढिगात.

त्या ढिगात एक रिवाज होता. एकट्याने पाण्यावर जाणाऱ्याने निघताना लिहायचं, ‘उतरलो’. परत आल्यावर लिहायचं, ‘घरी पोचलो’. बराच वेळ दुसरा निरोप आला नाही तर कोणीतरी फोन करायचाच. हा रिवाज घातला झिंगूभाऊने. झिंगू अहेरीकडचा गोंड, जंगलखात्यात मजुरी करून म्हातारा झालेला. प्राणहितेच्या काठच्या गावात एकटाच राहायचा. मुलगी सोमारी अहेरीला दिलेली. तिच्या जुन्या फोनवर तो एकेक अक्षर शोधून लिही. नदीवर मात्र फोन न्यायचा नाही, कारण तिथे टॉवर नव्हता आणि आधीचा एक फोन पाण्यात गेला होता. कोणीही ‘घरी पोचलो’ लिहिलं की खाली झिंगूचं उत्तर ठरलेलं, ‘बरं’. माणूस परभणीचा असो की पुण्याचा, ओळखीचा असो नसो, दिवसातून वीस वेळा ‘बरं’.

हसू नका. तीन वर्षांमागे झिंगूचाच पाय काठच्या खडकांत अडकला होता. दुपार झाली तरी त्याचा निरोप नाही, म्हणून गुणवंतरावांनी सोमारीला फोन लावला, जावई मोटरसायकलने धावला आणि म्हातारा खाटेवर का होईना घरी आला. आणि मुबीनचं म्हणाल, तर बाबूभाई गेले त्या महिन्यात तो इरईवर जाऊन नुसताच बसला होता. घरी परतला, पण लिहायचं विसरला. सकाळी आठला फोन आला. आवाज कधी न ऐकलेला.

"मी झिंगू बोलून राह्यलो. तुमी घरी आले का नाई, भाऊ?"

"आलो, भाऊ. लिवाचं राहून गेलं."

"बरं," झिंगू म्हणाला आणि फोन ठेवला. बाप गेल्यावर मुबीनची अशी वाट कोणी पाहिली नव्हती. तो त्या दिवशी दुकानात दोनदा रडला.

पुढे गुणवंतरावांची नजर अधू झाली आणि त्यांनी फोरमच्या किल्ल्या मुबीनला दिल्या. नव्या सभासदांची तक्रार एकच होती, या ढिगात कामाचं काही सापडत नाही. निम्म्या ढिगात तर ‘उतरलो’, ‘पोचलो’ आणि ‘बरं’. मुबीनने कंबर कसली. दुकान बंद झालं की तो तासभर बसायचा. दोन महिन्यांत त्याने सात वर्षांचा ढीग निवडला. माशांचा विभाग वेगळा, गरी-दोऱ्याचा वेगळा, चाऱ्याचा वेगळा, नद्या-तलाव वेगळे, विकणं-घेणं वेगळं, रांधणं वेगळं. आणि सगळ्यात खाली ‘हजेरी’. तिथल्या निरोपांनी अकराशे जणांचे फोन दिवसभर वाजू नयेत म्हणून त्या विभागाची घंटी त्याने बंद करून टाकली. ज्याला बघायचं तो जाऊन बघेल, असा त्याचा हिशेब.

वाहवा खूप झाली. कोणी म्हणालं, आता कसं घरासारखं वाटतं. फक्त झिंगूने विचारलं, ‘मुबीनभाऊ, मले समजत नाई. मी आता कुठी लिहू?’

‘हजेरीत लिहा, भाऊ. ती तुमचीच जागा आहे,’ मुबीनने प्रेमाने कळवलं, आणि झिंगू त्या दिवसापासून नेमाने तिथे लिहू लागला.

पूर्वी मरळ शोधणाऱ्याला वाटेत दहा ‘उतरलो’ ओलांडावे लागत. वैतागून का होईना, नजर पडायचीच. आता मरळीवाला मरळीकडे जाई आणि चाऱ्यावाला चाऱ्याकडे. हजेरीत जायला कोणाचं काही अडत नव्हतं, म्हणून हळूहळू झिंगूशिवाय तिथे कोणी वाचायलाही गेलं नाही आणि लिहायलाही. मुबीनही गेला नाही. लावून झालेला डबा तो पुन्हा उघडत नसे.

पौषातल्या एका मंगळवारी सकाळी झिंगूने लिहिलं, ‘उतरलो’. गुरुवारी गुरं चारणाऱ्यांना तो खडकात सापडला. मांडीचं हाड मोडलेलं, अर्धं अंग गार पाण्यात. जीव केव्हाच गेला होता.

सोमारीने गुणवंतरावांना कळवलं, आणि शुक्रवारी त्यांचा मुबीनला फोन आला. "मुबीन, मंगळवारी झिंगूनं लिवलं नव्हतं का?"

मुबीनने हातातला पाना काउंटरवर ठेवला आणि हजेरी उघडली. फोरमवर प्रत्येक निरोपाखाली तो किती जणांनी वाचला ते दिसतं. ‘उतरलो’च्या खाली आकडा होता, एक. तो एक म्हणजे आत्ता बघणारा मुबीनच. सोळा आणे नीट लावलेल्या त्या विभागाची त्याला आयुष्यात पहिल्यांदा किळस आली.

बातमी पसरली. तिघांनी मुबीनला विचारलं, श्रद्धांजली कोणत्या विभागात लिहायची.

रविवारी तो पहाटेच्या बसने अहेरीला गेला. सोमारी अंगणात बसली होती, बापाचा फोन मांडीवर. तिने पाणी दिलं, खाट टाकली.

"बाबा लय खुश होता," ती म्हणाली. "म्हणे, मुबीनभाऊनं माह्या निरोपाले येगळी खोली देल्ली. पह्यले सगळे म्हाताऱ्याच्या ‘बरं’ले हासत. आता आपली जागा झाली म्हणे."

मुबीनने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"डॉक्टर म्हणे, मंगळवारभर जीव होता," सोमारी म्हणाली. "मागच्या बारीले दुपारी फोन आल्ता. औंदा काऊन नाई आला, तेच समजत नाई. तुमी वाचलं होतं का, भाऊ?"

नेटवर्क नव्हतं, असं सांगता आलं असतं. तिने मानलंही असतं. तिथे नेटवर्क जातंच. वाटेत बसमध्ये मुबीनने ते वाक्य चार वेळा मनात म्हणूनही पाहिलं होतं.

"नाई वाचलं, बाई. कोणीच नाई वाचलं. तिथली घंटी मीच बंद केली होती. लोकायले तरास नको म्हणून."

सोमारीने मांडीवरचा फोन पदराने पुसला. शिवी आली असती तर मुबीनला बरं वाटलं असतं.

"बाबाले वाटे, सगळे वाचते," ती एवढंच म्हणाली. मग उठून चुलीकडे गेली आणि त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. निघताना माणूस कोणालाही सांगतो तसं तिने सांगितलं, "पोचल्यावर कळवा."

परतीच्या बसमध्ये मुबीनने हजेरीची घंटी सुरू केली आणि तो विभाग सगळ्यांच्या वर आणून ठेवला. आता त्याचा काय उपयोग, हे त्यालाही कळत होतं. पण हात स्वस्थ बसेनात.

दिवेलागणीला तो घरी आला. रुबीनाने ताट वाढलं. पहिला घास घ्यायच्या आधी त्याने फोन काढला आणि हजेरीत लिहिलं, ‘घरी पोचलो’.

अर्धी भाकरी झाली असेल, फोन वाजला. ‘झिंगू, अहेरी’ या नावापुढे एकच शब्द होता.

‘बरं’.

फोन सोमारीकडे आहे हे मुबीनला ठाऊक होतं. तरी तो ताटावरून उठला आणि मोरीपाशी जाऊन ढसाढसा रडला.