कृष्णातच्या आईला करून दाखवलेला भात

सिंगापूर पडलं तेव्हा मानसिंग जपान्यांच्या हाती सापडला. साडेतीन वर्षं कैदेत काढून शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात तो इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी परतला. पलटणीत तो लांगरी होता, दोनशे माणसांचं जेवण रांधायचा. घरी मात्र चुलीपाशी फिरकला नाही. उसाला पाणी पाजायचं, जेवायचं, पडून राहायचं. बायकोनं, राहीबाईनं, खोदून विचारणं सोडून दिलं होतं.

एका दुपारी विट्याहून अंबूबाई आली. कैदेत मानसिंगच्याच बराकीत वारलेल्या कृष्णातची ही आई. पाणी पिऊन तिनं एवढंच विचारलं, "शेवटी माझ्या लेकाच्या पोटात काय व्हतं?"

खोटं सांगायचंही बळ मानसिंगला उरलं नव्हतं. त्यानं घडलं तसं सांगितलं. जपानी पहारेकऱ्यांच्या भटारखान्यात त्याला राबवत. तिथं आदल्या दिवसाचा गार भात अंड्यात परतायचे. त्यातला मूठभर तो आजारी कृष्णातसाठी कमरेला लपवून आणायचा. एकदा झडतीत सापडला, मार बसला, भटारखाना सुटला. पुढं चार दिवस कृष्णातच्या पोटात नुसती पेज गेली. पाचव्या दिवशी तो गेला.

"मावशी, मी आणखी जपून आणाय पायजे व्हतं."

अंबूबाईनं पदर सावरला. मग म्हणाली, "त्यो भात मला करून दाव."

राहीबाईनं सकाळचा भात पुढं केला. मानसिंगनं तो हातानं मोकळा केला. तापल्या तेलात दोन अंडी फोडून हलवली, ती पुरती थिजायच्या आत भात टाकला, वर कांद्याची पात आणि मीठ. जपानी त्यात एक काळा, खारट रस घालायचे, तो इथं कुठला मिळायला? हात सवयीनं चालत होता. मध्येच तो थांबला, तेव्हा राहीबाईनं उलथनं घेतलं आणि भात खालवर केला.

अंबूबाईनं चार घास खाल्ले.

"आवडायचा त्याला?"

"व्हय. लय सावकाश खायचा."

तिनं थाळी त्याच्यापुढं सरकवली. चोरून आणलेला सगळा भात कृष्णातच्या तोंडी गेला होता, मानसिंगनं स्वतः तो कधी चाखलाच नव्हता. आज पहिल्यांदा खाल्ला. चव बरी होती.

उन्हं कलल्यावर त्यानं तिला बैलगाडीतून सडकेपर्यंत पोचवलं. उतरताना ती म्हणाली, "दिवाळीला येऊन जा."

दिवाळीला तो गेला.